परसातल्या कोंबड्यांचं खाद्य बदलताना

तळेगाव दाभाडेच्या जुन्या गावठाणात, इंदुरी-जांबवडेच्या वाटेवर, सोमाटणे-वराळेकडच्या नव्या बंगल्यांमागे पाच-पंचवीस कोंबड्या मोकळ्या सोडणारी घरं अजून आहेत. पूर्वी या कोंबड्यांसाठी ‘खाद्य’ म्हणून वेगळं काही आणावं लागत नसे. सकाळी खुराडं उघडायचं, मूठभर दाणे टाकायचे, आणि दिवेलागणीला मोजून आत घ्यायच्या. मधला सगळा दिवस त्यांचा. खळं होतं, उकिरडा होता, गोठा होता, बांधावरचं गवत होतं. मग नवलाख उंबऱ्याकडे आणि चाकण रस्त्याला कारखाने उभे राहिले, भातखाचरांचे प्लॉट पडले, गोठे रिकामे झाले. कोंबडी आजही मोकळीच फिरते, पण बऱ्याच ठिकाणी तिच्या पायाखाली पेव्हर ब्लॉक असतात. म्हणून दुकानातून पोतं आणावं लागतं. आणि पोतं आलं की आज एका कंपनीचं, पुढच्या महिन्यात दुसऱ्या, कधी भरडा तर कधी गोळी, असा बदलही आलाच.

हा बदल घाईने झाला की अंडी थांबतात, कवचं पातळ होतात, विष्ठा पातळ होते, आणि दोष खाद्याच्या कंपनीवर येतो. बऱ्याचदा खाद्य ठीक असतं. ते चुकीच्या वयाला, चुकीच्या ऋतूत किंवा एका रात्रीत दिलेलं असतं. मोकळ्या कोंबडीचं नवं खाद्य ठरवताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट पाहायला सांगेन: तिला बाहेर काय मिळतंय, आणि काय मिळत नाही. पोतं त्या उणिवेसाठी आणायचं.

आधी आवार पाहा

मावळात ही उणीव वर्षभर सारखी नसते. मृगाचा पाऊस पडला की किडे, गांडुळं, गोगलगाई, कोवळं गवत यांची रेलचेल होते. प्रथिनं आणि हिरवा चारा कोंबडी स्वतः मिळवते. पण आषाढात दिवसेंदिवस झड लागली की ती छपराखालून हलत नाही, आणि भिजलेल्या अंगाला ऊब टिकवायला दाणा जास्त लागतो. या दिवसांत मका, ज्वारी, कणी यांचा हात सढळ ठेवावा. भातकापणीनंतर चित्र उलटं होतं. खाचरात सांडलेला भात, मळणीचा पालापाचोळा, पेंढ्याखालचे दाणे. पिष्टमय खाणं भरपूर. अशा वेळी घरूनही दाणाच टाकला तर कोंबडी चरबी धरते आणि अंडी कमी देते. तिला तेव्हा प्रथिनं आणि कॅल्शियम हवं असतं. फाल्गुनापासून वळिवापर्यंत मात्र बाहेर जवळजवळ काहीच नसतं. गवत वाळलेलं, किडे जमिनीत खोल, आणि उन्हामुळे कोंबडीची भूकही मंदावलेली. या काळात ती जे थोडं खाते त्यात सगळं असायला हवं. पिवळा बलक फिका पडू लागला तर ती हिरवा पाला कमी पडत असल्याची खूण समजा. शेवग्याचा पाला, लसूणघास, घरच्या टाकीत वाढवलेला ॲझोला हे त्यावर उत्तम. ॲझोल्यात पाणीच खूप असतं, त्यामुळे तो पूरक म्हणून द्यावा, पोटभर खाणं म्हणून नाही.

बलकाच्या रंगासाठी झेंडूच्या पाकळ्याही चालतात. त्यातल्याच रंगद्रव्यासाठी झेंडूचा अर्क व्यापारी खाद्यात घालतात. पण दसऱ्यानंतरची बाजारातली तोरणं कोंबड्यांपुढे टाकू नका, फुलांवर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं. मावळातल्या हरितगृहांतून बाहेर पडणाऱ्या गुलाबाच्या पाल्याबद्दलही हेच. घरच्या परसातला, काहीही न फवारलेला झेंडू असेल तरच द्या.

एक दिवस सुट्टी घेऊन कोंबड्या कुठे जातात, काय टिपतात, किती वेळ उकरतात हे नुसतं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. चांगलं मोकळं रान असेल तर पूरक खाद्य कोंबडीमागे रोज तीस ते पन्नास ग्रॅम पुरतं. कुंपणाच्या आत, फरशीवर फिरणाऱ्या कोंबडीला ऐंशी ते शंभर ग्रॅम किंवा त्याहून जास्त लागेल. ती मोकळी असली तरी तिचं पोट पोत्यावरच भरतं. या दोन घरांचं खाद्य सारखं कसं असेल?

पोतं कोणासाठी बनलंय

पुणे जिल्हा हा देशातल्या कुक्कुट व्यवसायाचा मोठा आधार. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये, आज पुण्यात मुख्यालय असलेली, व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या व्यवसायाला वेगळंच रूप आलं. त्यामुळे आपल्याकडे तयार खाद्य सहज मिळतं, ही चांगलीच गोष्ट. मात्र हे खाद्य मुख्यतः बीव्ही-३०० सारख्या, वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणाऱ्या पिंजऱ्यातल्या कोंबडीचा हिशेब धरून बनलेलं असतं. आपली गावरान वर्षाला पन्नास-साठ, फार तर सत्तर अंडी देते आणि मध्येच खुडूक बसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेली वनराजा किंवा ग्रामप्रिया, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा या जाती दोहोंच्या मधल्या. त्यांतही ग्रामप्रिया अंड्यांची, वनराजा आणि गिरिराजा अंगाने भरणाऱ्या. पोत्यावर छापलेलं ‘रोज एकशे दहा ग्रॅम’ हे प्रमाण यांतल्या कुणालाच जसंच्या तसं लागू नाही.

दुकानात तीन प्रकारची नावं दिसतील. पिल्लांचं, म्हणजे चिक किंवा स्टार्टर. वाढत्या तलंगांचं, म्हणजे ग्रोअर. आणि अंड्यांवरच्या कोंबड्यांचं, म्हणजे लेयर. पिल्लांच्या खाद्यात प्रथिनं साधारण वीस टक्के असतात, ग्रोअरमध्ये सोळा, लेयरमध्ये सोळा ते अठरा. त्याहून मोठा फरक कॅल्शियमचा. पिल्लांच्या आणि ग्रोअरच्या खाद्यात ते सुमारे एक टक्का, तर लेयरमध्ये तीन ते साडेतीन टक्के. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं, आणि खाल्लेल्यातलं सगळं काही अंगी लागत नाही. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला एवढं द्यावं लागतं. तेच खाद्य दीड-दोन महिन्यांच्या तलंगांना महिनाभर घातलं तर जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकताना त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. पुढे अशा कोंबड्या अंड्यावर आल्यावर अचानक दगावतात आणि कारण कळत नाही. लेयर खाद्यावर जायची वेळ वयाच्या आकड्यापेक्षा कोंबडीकडे पाहून ठरवा. तुरा आणि गळोल लाल होऊ लागले, पहिलं अंडं पडलं, की बदल सुरू करायचा. पिंजऱ्यातली तलंग अठरा-वीस आठवड्यांत अंड्यावर येते, गावरान आणि वनराजा सहा महिन्यांच्या आसपास.

चौथं पोतं ब्रॉयलरचं. ते सगळीकडे मिळतं, आणि दुकानदाराकडे दुसरं नसेल तर तो तेच देतो. ब्रॉयलर सहा आठवड्यांत कापायचा असतो, म्हणून त्याचं खाणं वजन चढवणारं. अंड्यांच्या कोंबडीला ते कायम घातलं तर चरबी वाढते आणि कवचाला लागणारं कॅल्शियम मिळत नाही. शिवाय ब्रॉयलरच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवरची औषधं मिसळलेली असतात. त्यांतल्या निकार्बाझिनसारख्या औषधाने तपकिरी अंड्यांचा रंग उडतो आणि अंडी उबत नाहीत. अंडी खाणाऱ्या माणसांच्या पोटातही ते औषध जाऊ नये. पोत्याला शिवलेली चिठ्ठी वाचा. खाद्य सुटं विकत असतील तर मूळ पोतं दाखवायला सांगा. त्यात संकोच बाळगायचं कारण नाही.

कँटीनचा भात, सरकी आणि घरचं सोयाबीन

औद्योगिक पट्ट्यातल्या आपल्या भागात आणखी एक मोह असतो. कंपनीच्या कँटीनमध्ये उरलेला भात-पोळी ओळखीने मिळते, कधी फुकट, कधी नाममात्र पैशांत. कोंबड्या तुटून पडतात. पोतं महाग झालं की माणूस पोतं बंद करून याच्यावर येतो. या बदलाचा परिणाम काय होतो याची एक फार महत्त्वाची गोष्ट वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरी या आजाराच्या कारणाचा शोध घेत होता. रोगजंतू सापडतील म्हणून त्याने प्रयोगशाळेत कोंबड्या पाळल्या होत्या. एकाएकी त्या लटपटू लागल्या, पाय टाकता येईनात, काही मेल्या. मग तशाच एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा, पॉलिश केलेला भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला आणि त्यांना पुन्हा कोंड्यासकट तांदूळ मिळू लागला. आजार जंतूंचा नव्हता, खाद्य बदलल्याचा होता. ब-१ जीवनसत्त्वाचा शोध या कोंबड्यांपासून सुरू झाला आणि आइकमानला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या भागात भाताचीच संस्कृती. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेली इंद्रायणी तर घराघरात शिजते. म्हणून हे मुद्दाम सांगतो: शिजलेला पांढरा भात हे कोंबडीचं मुख्य खाणं होऊ शकत नाही. एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत, ताजा, बिनमिठाचा किंवा अगदी कमी मिठाचा भात चालेल. लोणचं, पापड, खारवलेले पदार्थ, तळण, आंबलेलं वरण अजिबात नको. मिठाची विषबाधा कोंबडीला लवकर होते. गिरणीतली कणी चांगली, आणि कोंडाही चांगला, फक्त ताजा. कोंड्यात तेल असतं, ते काही दिवसांतच खवट होतं. नाकाजवळ धरला की कळतं. तेल काढलेला कोंडा जास्त टिकतो.

गोठा असलेल्या घरात सरकी पेंड हाताशी असते. ती कोंबड्यांना नको. सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्याने बलक हिरवट-तपकिरी होतो, विशेषतः अंडी काही दिवस ठेवली की. जनावरांच्या तयार पशुखाद्यात युरियाही असू शकतो. गाय-म्हैस तो पचवते, कोंबडी नाही. आणि घरचं सोयाबीन असेल तर कच्चं भरडून घालू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेने जातात. तेल काढलेली सोया पेंड तयार होताना तापवलेली असते, म्हणून ती चालते.

घरी मिसळून खाद्य करायचं असेल तर शंभर किलोंना साधारण असा हिशेब धरता येतो: मक्याचा भरडा पंचेचाळीस किलो, कणी दहा, कोंडा दहा, सोया पेंड बावीस, तिळाची किंवा सूर्यफुलाची पेंड तीन-चार, चुनखडीचा किंवा शिंपल्यांचा चुरा आठ, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) एक किलो, मीठ तीनशे-चारशे ग्रॅम, आणि खनिज-जीवनसत्त्वांचं प्रीमिक्स पुडक्यावर लिहिलेल्या मात्रेत. यातून प्रथिनं सोळा-सतरा टक्के आणि कॅल्शियम तीनच्या वर जातं. हे अंड्यावरच्या कोंबडीसाठी. मीठ आणि प्रीमिक्स आधी पाच किलो भरड्यात चोळून मग मोठ्या ढिगात मिसळा, नाहीतर एका कोंबडीला सगळं आणि दुसरीला काहीच नाही असं होतं. चुकवायची नाही अशी वस्तू म्हणजे प्रीमिक्स. पैसे वाचवायला लोक नेमकं तेच गाळतात.

प्रत्यक्ष बदल

आधी वेळ ठरवा. एप्रिल-मेचा कडाका, पावसाची पहिली झड, लस दिलेला आठवडा, जंताचं औषध, नवं खुराडं, बाहेरून आणलेल्या नव्या कोंबड्या, पिसं झडण्याचा काळ, यांपैकी काही चालू असेल तर खाद्याचा बदल पुढे ढकला. चाकणच्या बाजारातून आणलेल्या कोंबड्यांना पहिले आठ-दहा दिवस त्यांच्या सवयीचाच दाणा द्यावा. विकणाऱ्याला ‘काय घालत होता’ हे विचारून घेणं फायद्याचं. त्यांना तेवढे दिवस वेगळंही ठेवावं.

कोंबडीची जीभ आपल्यासारखी चवीची नाही. तिच्या तोंडात स्वादाच्या कळ्या फार थोड्या. ती खाणं ओळखते डोळ्यांनी आणि चोचीच्या स्पर्शाने. रंग, दाण्याचा आकार, भुकटी की गोळी, यावर तिचा विश्वास बसतो किंवा उडतो. ओळखीचं खाणं नाहीसं होऊन नवं समोर आलं की ती चोचीने इकडेतिकडे करते आणि निघून जाते. पिंजऱ्यातल्या कोंबडीला भुकेपोटी दुसऱ्या दिवशी खावंच लागतं. मोकळी कोंबडी मात्र कुंपणाबाहेर जाऊन काहीतरी टिपून येते, आणि ती आठ दिवस नव्या खाद्याला तोंड लावत नाहीये हे आपल्या लक्षातही येत नाही. मोकळ्या कोंबड्यांच्या बाबतीत खरी अडचण हीच.

म्हणून मिसळत जायचं. पहिले तीन दिवस तीन वाटे जुनं, एक वाटा नवं. पुढचे तीन दिवस निम्मं-निम्मं. त्यापुढचे तीन दिवस एक वाटा जुनं, तीन वाटे नवं. दहाव्या दिवशी पूर्ण नवं. वाटे मापाने घ्या, अंदाजाने मुठीने नको. एखाद्या टप्प्यावर भांड्यात नवंच उरत असेल तर पुढे जाऊ नका, त्याच टप्प्यावर आणखी दोन-तीन दिवस काढा. भुकटीवरून गोळीवर जाताना दोन आठवडे धरा, आणि गोळी सुरुवातीला भरडून द्या.

यासाठी जुनं खाद्य शिल्लक असायला हवं. वीस कोंबड्या असतील आणि प्रत्येकी पन्नास-साठ ग्रॅम जात असेल तर नऊ दिवसांच्या बदलाला जुनं पाच-सहा किलो लागतं. तेवढं पोत्यात उरलं असतानाच नवं आणा. जुनं संपलंच असेल तर मक्याचा भरडा आणि कणी या ओळखीच्या दाण्यात नवं मिसळून सुरुवात करा.

बदलाच्या दिवसांत सकाळी खुराडं लगेच उघडू नका. रात्रभराची भूक असते, त्याच वेळी आत मिश्रण आणि स्वच्छ पाणी ठेवा. तासाभराने दार उघडा. सकाळच्या शिफ्टला निघणाऱ्यांना हे अवघड जातं. घरातल्या कुणाला तरी ते काम सोपवा, नाहीतर बदलाची सुरुवात सलग सुट्ट्यांत करा. संध्याकाळी आत घेताना थोडा अख्खा दाणा टाका. तो रात्रभर पुरतो, आणि कोंबड्या वेळेवर परतही येतात. भांडी पुरेशी हवीत. एकाच भांड्यावर दांडग्या कोंबड्या ठाण मांडतात आणि दबलेल्या उपाशी राहतात. दोन-तीन ठिकाणी ठेवलं की सगळ्यांना मिळतं.

भरड्याच्या खाद्यात कोंबड्या आधी मक्याचे कण वेचतात आणि तळाला बारीक पूड उरते. जीवनसत्त्वं, खनिजं, अमिनो आम्लं सगळी त्या पुडीत असतात. भांडं रिकामं दिसत नाही म्हणून ती पूड ओतून वर नवं खाद्य घालायचं, ही फार पसरलेली सवय आहे, आणि त्यात निम्मा फायदा उकिरड्यात जातो. पूड संपल्याशिवाय भांडं भरू नका. हवं तर पुडीवर पाण्याचा हबका मारून ती ओलसर करा, पण अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढीच. मावळाच्या दमट हवेत ओलं खाद्य दुपारपर्यंत आंबतं.

शिंपल्यांचा जाडसर चुरा मात्र खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवा, दुपारनंतर तर नक्कीच. कवच मुख्यतः रात्री घडतं, आणि जाड कण पोटात हळूहळू विरघळत रात्रभर कॅल्शियम पुरवतात. ज्या कोंबडीला गरज आहे ती खाते. कोंबडा आणि तलंगा फारसं तोंड लावत नाहीत. अख्खा दाणा दळायला कोंबडीला बारीक खडेही लागतात. कलेजीसोबत चिकनच्या दुकानात मिळणारा पेठा म्हणजे तिचं जातं, खड्यांशिवाय ते चालत नाही. मातीत फिरणारीला ते आपोआप मिळतात. फरशीवरच्या कोंबडीसाठी जाड वाळूचं एक पसरट भांडं ठेवा.

काय पाहायचं

रात्री खुराड्यात दोन-तीन कोंबड्यांच्या गळ्याखालची पिशवी हाताने चाचपा. भरलेली आणि मऊ असेल तर पोटात खाणं गेलंय. सपाट असेल तर ती खात नाहीये. दगडासारखी घट्ट असेल आणि सकाळीही तशीच राहिली तर काहीतरी अडकलंय. छातीचं मधलं हाड बोटांना धारदार लागलं तर वजन उतरलेलं आहे. नव्या खाद्यावर दोन-चार दिवस विष्ठा थोडी सैल होणं, अंड्यांत किंचित घट होणं, हे चालतं. तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा अधूनमधून पडते तीही नेहमीचीच, ती आंधळ्या आतड्यातली असते.

आठवड्याभराने अंडी सावरली नाहीत तर आधी दुसरी कारणं तपासा. मार्गशीर्ष-पौषात दिवस लहान असतो, आणि अंड्यांना चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. तेव्हाची घट खाद्याने भरून येत नाही. गोगलगाई आणि गांडुळं खाणाऱ्या कोंबड्यांत जंत होतात. चांगलं खाऊनही कोंबडी वाळत असेल तर आधी त्याकडे पाहा.

काही लक्षणं खाद्याची नसतातच. हिरवी विष्ठा, मान वळणं, लंगडणं, पाठोपाठ मरतूक म्हणजे मानमोडीची शंका. पावसाळ्यात पिल्लांच्या विष्ठेत रक्त म्हणजे रक्ती हगवण. अशा वेळी खाद्य परत जुनं करण्यात दिवस घालवू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. बऱ्याच कोंबड्या एकदम मेल्या तर त्या कापू नका, पुरू नका, आधी कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, आणि सुरुवात अशाच मरतुकीने झाली होती. ‘खाद्य बदललं की पाण्यात ही पूड टाका’ म्हणून दिलेली प्रतिजैविकं तर घेऊच नका. कोलिस्टिनसारखं, माणसाच्या शेवटच्या उपचारांत लागणारं औषध पशुपक्ष्यांना द्यायला केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली आहे. खाद्य बदलायला औषध लागत नाही, सबुरी लागते.

पोतं कुठे ठेवाल

मावळात चार महिने भिंतींना ओल असते. पोतं जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलं की खालचा थर दहा दिवसांत गोळा होतो. लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे घट्ट झाकणाचं पिंप, उंदरांचाही बंदोबस्त होतो. पिंपात जुन्या खाद्यावर नवं ओतू नका, आधी तळ पुसून घ्या. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांपेक्षा जास्त पुरेल इतकं खाद्य आणू नका, स्वस्त मिळालं तरी.

बुरशीच्या बाबतीत मी कुणालाच सूट देणार नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले आणि कारण निघालं शेंगदाण्याच्या बुरशी लागलेल्या पेंडीतलं विष. त्यातूनच अफ्लाटॉक्सिनची ओळख जगाला झाली. मका आणि शेंगदाणा पेंड, आपल्याकडच्या या दोन्ही वस्तू त्याला बळी पडतात. हे विष उन्हात वाळवून किंवा शिजवून जात नाही. वास कुबट, दाण्यावर हिरवट-काळी झाक, भरड्यात गाठी, यांपैकी काही दिसलं तर ते पोतं जनावरांनाही घालू नका, पुरून टाका. गाठी चाळून उरलेलं वापरण्याचा मोहही नको. बुरशी दिसते तेवढ्यापुरती नसते.

परसात एकाच वेळी सगळ्या वयाच्या कोंबड्या असतात, आणि बदल करताना त्यांतल्या पिल्लांचा विसर पडतो. खुडूक कोंबडीने पिल्लं काढली असतील तर ती आईबरोबर लेयरच्या भांड्यावर येणार. त्यांना अडवण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे मोठं डालगं उपडं घालून त्याला एका बाजूला विटेवर टेकवायचं, फक्त पिल्लू आत शिरेल एवढी फट ठेवायची, आणि आत पिल्लांचं खाद्य व उथळ पाणी ठेवायचं. आईला आत जाता येत नाही, पिल्लं हवी तेव्हा खाऊन येतात. अंड्यावरच्या कोंबड्या आणि तलंगा मात्र एकत्रच फिरत असतील आणि वेगळं करणं शक्य नसेल, तर सगळ्यांना ग्रोअर खाद्य घाला आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचं भांडं बाजूला कायम भरलेलं ठेवा. अंड्यावरच्या त्यातून आपली गरज भागवतात, तलंगांच्या मूत्रपिंडांनाही धोका राहत नाही. महिनाभराने कवचं पातळच राहिली तर दोन-चार अंडी बरोबर घेऊन वडगावच्या किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, आणि पोत्याची चिठ्ठीही सोबत न्या.